पुण्यात माटोळी बांधताना

प्रश्न : आम्ही मूळचे गोव्याचे. यंदा पुण्यात सोसायटीच्या गणपतीवर माटोळी बांधायची आहे. रानफळं इथे मिळत नाहीत. प्लास्टिकची लावली तर चालतील का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : प्लास्टिकची अजिबात नकोत. त्या पावसाळ्यात आपल्या आसपास जे पिकलं, ते देवाच्या डोक्यावर लाकडी पट्ट्यांच्या चौकटीला टांगायचं, हीच माटोळी. गोव्यात फोंड्याकडच्या आमच्या घरी आंबाडे, तोरिंजन, निरफणस, कांगलां अशी फळं असतात, कारण ती तिथे पिकतात. तुम्ही मंडईतून दोडकी, काकड्या, पेरू, सीताफळं, मक्याची कणसं आणा. ती माटोळी पुण्याची होईल आणि खरी होईल.

लाकडी चौकट आधी छताला पक्की करा. नारळ आणि सुपारीचे घड जिथे पट्ट्या एकमेकींना छेदतात तिथेच बांधा, मधोमध बांधलेत तर पट्टी वाकते. हलकं सामान त्यानंतर, आणि दोर कमीजास्त लांबीचे ठेवा. आमच्याकडे केवणी या रानझुडपाच्या सालीचे दोर वापरतात. तुम्ही सुतळी घ्या, नायलॉन नको, गाठ सरकते.

गोव्याहून कुणी कवंडळं, म्हणजे एका रानवेलीची फळं, आणली तर ती उंचावर बांधा. दिसतात लालभडक, पण विषारी असतात, मुलांचा हात पोचता कामा नये.

गोवा सरकारच्या कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेत लोक फळांतून आख्खी चित्रं उभी करतात. त्यांची कारागिरी मला फार आवडते, पण पहिल्या वर्षी तुम्ही साधी चौकटच भरा.