ऑपोझ, रेझिस्ट, कॉम्पीट : समोर काय आहे ते बघा

दादरच्या एका ताईंचा प्रश्न आहे : भाषांतर करताना ऑपोझ, रेझिस्ट आणि कॉम्पीट या तिघांनाही 'सामना करणे' लिहिलं तर चालेल का? आणि 'ऑपोझ अगेन्स्ट'मध्ये अगेन्स्ट का खोडतात?

नाही चालणार, ताई. तिन्ही ठिकाणी समोर वेगळी गोष्ट असते.

ऑपोझमध्ये समोर माणूस, पक्ष किंवा ठराव असतो आणि आपण त्याला उघड 'नाही' म्हणतो. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी सायमन कमिशन मुंबई बंदरात उतरलं, तेव्हा काळे झेंडे दाखवले गेले. हा विरोध. कमिशन परत फिरलं नाही, तरी तो विरोधच राहतो. रेझिस्टला मात्र समोरून रेटा यावा लागतो आणि त्यापुढे टिकून राहावं लागतं. १९४२च्या ऑगस्टमध्ये पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांची गळचेपी झाली. तेव्हा उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी याच मुंबईत जागा बदलत बदलत गुप्त रेडिओ चालवला, नोव्हेंबरमध्ये पोलिसांची धाड पडेपर्यंत. त्याला नुसता विरोध म्हणणं मला फार तोकडं वाटतं. तो प्रतिकार होता. औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंनाही इंग्रजीत रेझिस्टच लावतात, कारण तिथेही मारा सोसून टिकणंच आहे.

कॉम्पीटमध्ये दोघांचीही नजर तिसऱ्याच गोष्टीवर असते. दहीहंडीला बघा. एक पथक थर लावतं, दुसरं बाजूला उभं राहून बघत असतं. कुणी कुणाला अडवत नाही, पण हंडी दोघांनाही हवी असते. या शब्दामागचं लॅटिन क्रियापदही 'एकच गोष्ट मिळून मागणं' असंच आहे. रायव्हल तर त्याहून बोलका : लॅटिनमध्ये ओहोळाला 'रिवुस' म्हणतात आणि एकाच ओहोळाचं पाणी वापरणारे ते रायव्हल. पाण्याच्या पाळीवरून बांधावर होणारी भांडणं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना आणखी काही सांगायला नको.

आता अगेन्स्टचं. आपण 'कायद्याविरुद्ध' म्हणतो, तेच विरुद्ध इंग्रजी लिहितानाही आपल्यासोबत जातं आणि 'ऑपोझ अगेन्स्ट' होतं. पण ऑपोझच्या पोटात विरुद्ध आधीच आहे, म्हणून थेट 'ऑपोझ द बिल'. रेझिस्टचंही तसंच. फक्त 'विरोधात असणं' या अर्थी ऑपोझ्ड आलं की पुढे टू लागतो. कॉम्पीटला मात्र आधार लागतो : कुणाशी ते विथ किंवा अगेन्स्टने, कशासाठी ते फॉरने.

काँटेस्ट आपल्याला सोपं जावं. निवडणूक आपण थेट 'लढवतो', तसंच 'काँटेस्ट द इलेक्शन', मध्ये फॉर नाही. मृत्युपत्र काँटेस्ट केलं, तर मात्र 'आव्हान दिलं' लिहा.

'सामना करणे' फेस किंवा कन्फ्रंटसाठी राखून ठेवा. आणि कॉम्पिटिशन अटीतटीची असेल, तर 'तीव्र स्पर्धा' कशाला? आपली 'चुरस' आहे की!