वडिलांचा सीपॅपचा मास्क रात्री निसटतो, हवा डोळ्यांत जाते. काय करावं?

वडील 68 वर्षांचे, स्लीप अ‍ॅप्नियाचं (झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराचं) सीपॅप मशीन, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र, येऊन तीन आठवडे झाले, हवा डोळ्यांत जाते म्हणून पट्टे आवळले तर नाकावर वळ उठले आणि आता ते मध्यरात्री मास्क काढून उशाशी ठेवतात, असं तुम्ही लिहिलंय. मी सहा वर्षं मास्क लावून झोपतोय आणि पहिले दोन महिने अगदी हेच करत होतो.

आधी पट्टे सैल करा. मास्कच्या सिलिकॉनच्या गादीला एक पातळ पापुद्रा असतो. तो हवेने फुगतो आणि चेहऱ्यावर बसतो. आवळलं की तो दुमडतो, घडीतून हवा सुटते, मग आपण आणखी आवळतो.

माझ्याकडे मशीन द्यायला आलेल्या माणसाने मला खुर्चीत बसवून, मशीन बंद असताना मास्क चढवला, ‘एकदम परफेक्ट’ म्हणाला आणि सही घेऊन गेला. रात्री आडवा झालो तसे गाल मागे सरकले, दाब चढला आणि नाकाच्या कडेने फुर्रर्र सुरू. बायको म्हणाली, "यापेक्षा घोरणं परवडलं!"

तेव्हा वडिलांना त्यांच्या नेहमीच्या उशीवर उताणं झोपवा आणि मशीन चालू करा. दाब हळूहळू चढवणारा रॅम्प तेवढ्यापुरता बंद ठेवा, कारण गळती पुऱ्या दाबावरच कळते. पट्टे ढिले करून मास्क चेहऱ्यापासून बोटभर उचला आणि परत अलगद टेकवा. गादी फुगून नीट बसलेली दिसेल. मग पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे, थोडे थोडे ओढा. पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत. आता कुशीवर वळायला सांगा आणि पुन्हा बघा. डोळ्यांकडेच हवा येत राहिली तर वरचे पट्टे किंवा कपाळाचा टेकू थोडा हलवून पाहा. तरी येतेच असेल तर बहुतेक माप चुकलंय, बदलून मागा.

वडिलांची कवळी आहे का? झोपताना काढून ठेवत असतील तर मास्कही कवळी काढूनच बसवा, तोंडाची ठेवण बदलते. आणि रात्री डोक्याला खोबरेल चोळत असतील तर ते सकाळवर ढकला. मला हे फार उशिरा कळलं. तेलकट कपाळावर सिलिकॉन घसरतं. झोपण्याआधी साबणाने चेहरा, आणि रोज सकाळी गादी सौम्य साबणाने धुवायची.

मास्कच्या पुढच्या बारीक भोकांमधून येणारी हवा ही गळती नव्हे, सोडलेला श्वास तिथून बाहेर पडतो. माझ्या सासऱ्यांनी तिथे चिकटपट्टी लावायचं सुचवलं होतं! ती भोकं कधीच बुजवायची नाहीत. वीज गेली तर मास्क काढायचा, हेही वडिलांना सांगून ठेवा. इन्व्हर्टर असेल तर उत्तम, पण पाणी गरम करणारा ह्युमिडिफायर बरीच वीज खातो, त्या रात्री तो बंद ठेवा.

झोपेत तोंड उघडं पडत असेल तर नुसत्या नाकाच्या मास्कातून हवा तोंडावाटे निघून जाते. मग नाक-तोंड झाकणारा लागतो. ते डॉक्टरांना विचारा. दाबाचा आकडा मात्र घरी बदलू नका.

सवयीसाठी मी दुपारी पेपर वाचताना अर्धा तास मास्क लावून, मशीन चालू ठेवून बसायचो. वडील फारच वैतागले तर त्यांना सांगा, 1980 साली सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी हे यंत्र पहिल्यांदा केलं, तेव्हा मास्क रोज रात्री चेहऱ्याला चक्क चिकटवावा लागायचा आणि सकाळी सोलून काढायचा. माझे वडील असते तर दुसऱ्याच रात्री यंत्र अंगणात गेलं असतं.

आणि हो, काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाची बटणं असतात. वडिलांना पेसमेकर असेल तर तसला मास्क वापरू नका, साध्या क्लिपचा मागून घ्या.