आधी संडास की आधी औषध?

या वेळी हुकवर्म म्हणजे अंकुशकृमी, आतड्यात राहून रक्त पिणारा जंत, याच्याबद्दल आलेले तीन प्रश्न एकत्र घेते आहे. एकाच विषयावर आणि तेही इतक्या जुन्या इतिहासावर पत्रं आली, याचा मला मनापासून आनंद झाला.

प्रश्न : मी इतिहासात एम. ए. करते आहे. शंभर वर्षांपूर्वी वसाहतींमध्ये अमेरिकी पैशावर हुकवर्मविरोधी मोहिमा झाल्या, असं वाचनात आलं. हे काम रोजच्या रोज चालायचं कसं? आणि लोक शौचाचे नमुने द्यायला तयार तरी कसे झाले?

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग महत्त्वाचा, कारण अहवालांच्या तक्त्यांतून नेमका तोच निसटतो. माझी सगळी नोकरी सरकारी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली असेच नमुने तपासण्यात गेली. नमुना तपासणं सोपं, दारात उभं राहून तो मागणं अवघड.

सुरुवात १९१४ सालापासून धरा. ठिकाण दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयानातलं पीटर्स हॉल, डेमेरारा नदीच्या काठचं. त्याआधी १९०९ मध्ये जॉन डी. रॉकफेलर यांनी दहा लाख डॉलर दिले आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत हुकवर्मविरुद्ध काम उभं राहिलं. त्याचे प्रमुख विक्लिफ रोज १९१३ मध्ये लंडनला जाऊन ब्रिटिश वसाहत खात्याच्या लोकांना भेटले, आणि रॉकफेलर फाउंडेशनच्या नव्या आंतरराष्ट्रीय आरोग्य आयोगानं परदेशातलं पहिलं काम गयानात हाती घेतलं. तिथल्या उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्यांत आपल्याकडून गेलेले गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, फार मोठ्या संख्येनं होते. बरेचसे भोजपुरी मुलखातले, काही मद्रासकडचे.

डॉ. हेक्टर हॉवर्ड यांनी तिथे जी पद्धत बसवली, तीच पुढे कॅरिबियन बेटांवर आणि इतरत्र गेली. आधी एक भाग आखून घ्यायचा. त्याचा नकाशा काढायचा, घरांना नंबर द्यायचे, माणसांची नाववार नोंद करायची. मग प्रत्येकाच्या नावाची पत्र्याची छोटी डबी घरी द्यायची आणि भरलेली डबी गोळा करून आणायची. स्थानिक तरुणांना शिकवून सूक्ष्मदर्शकावर बसवलेलं असे. हुकवर्मचं अंडं एकदा नजरेत बसलं की चुकत नाही: काचेसारखं पातळ कवच, आत बहुतेक वेळा चार पेशींचा गोळा, आणि त्याच्याभोवती स्वच्छ मोकळी जागा. त्या मुलांनी दिवसभर डोळा लावून किती काचा पाहिल्या असतील, याची मला चांगली कल्पना आहे. त्यांची नावं मात्र कुणाच्या तोंडी नाहीत. तुम्ही प्रबंध लिहाल तेव्हा त्यांचा शोध जरूर घ्या.

ज्यांच्यात अंडी सापडली त्यांना थायमॉल, म्हणजे आपलं ओव्याचं फूल. आदल्या संध्याकाळी जुलाबाचं मीठ आणि जेवण बंद. सकाळी उपाशीपोटी कॅप्सूल, दोन तासांनी पुन्हा कॅप्सूल, त्यानंतर परत जुलाब. त्या दिवशी तेल, तूप, दारू यांना हात लावायचा नाही, कारण त्यांत थायमॉल विरघळून अंगात भिनतं आणि विषबाधा होते. म्हणून कर्मचाऱ्यानं समोर उभं राहून औषध गिळायला लावायचं, आणि नमुना स्वच्छ येईपर्यंत हाच क्रम पुन्हा पुन्हा. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा हे औषधही अडलं. ओवा जायचा भारतातून, थायमॉल बनायचं जर्मनीत. ती वाटच बंद झाली आणि भाव भडकले. मग चिनोपोडियम या वनस्पतीच्या तेलाकडे मोर्चा वळला. १९२१ मध्ये मॉरिस हॉल यांनी कार्बन टेट्राक्लोराइड सुचवलं आणि १९२२ मध्ये एस. एम. लँबर्ट यांनी फिजीत ते हजारो लोकांना दिलं. स्वस्त आणि झटपट खरं, पण यकृताला घातक. त्यानं आणि चिनोपोडियमनं काही माणसं दगावलीही.

आता लोक तयार कसे झाले? मॅजिक लँटर्नची, म्हणजे दिव्याच्या उजेडात पडद्यावर पाडलेली, चित्रं दाखवली जात. सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारी जिवंत अळी दाखवली जात असे, आणि तिचा परिणाम भाषणापेक्षा जास्त होई. शेजारचा पांढराफटक, धाप लागणारा माणूस औषधानंतर पुन्हा कामावर जाताना दिसला की पुढच्या घरी फार बोलावं लागत नसे. पण मळ्यावरची दुसरी बाजूही लिहा. करारबद्ध मजुरानं काम टाळणं हा तिथे फौजदारी गुन्हा होता. अशा माणसानं डबी भरून दिली, एवढ्यावरून त्याची राजीखुशी होती असं मी म्हणणार नाही.

प्रश्न : म्हणजे हे सगळं मळेवाल्यांच्या नफ्यासाठीच ना? मग त्याला आरोग्यसेवा का म्हणायचं?

मळेवाल्यांच्या बाबतीत तुमचं म्हणणं बरोबर आहे. अशक्त मजूर त्यांना परवडत नव्हता, म्हणून त्यांनी दार उघडलं. पण सगळ्यांना एकाच मापानं मोजू नका. प्वेर्तो रिकोचं उदाहरण घ्या. १८९८ मध्ये अमेरिकेनं ते बेट स्पेनकडून घेतलं आणि १८९९ च्या ऑगस्टमध्ये मोठं चक्रीवादळ झालं. लष्करी डॉक्टर बेली ॲशफर्ड यांच्याकडे आलेले डोंगरी शेतमजूर चांगलं खायला घालूनही सुधारत नव्हते. सगळे म्हणत, उपासमारीचा पांडुरोग आहे. ॲशफर्डनी शौच तपासलं आणि हुकवर्मची अंडी सापडली. १९०४ पासून तिथल्या पेद्रो गुतिएरेस इगाराविदेस यांच्यासारख्या डॉक्टरांच्या साथीनं सरकारी खर्चानं केंद्रं निघाली आणि काही वर्षांत सुमारे ३ लाख लोकांना औषध मिळालं. कॉफीच्या बागेतली ओली, सावलीची माती हुकवर्मच्या अळीला फार मानवते, आणि तिथली माणसं अनवाणी काम करत. तपासल्याशिवाय हे कळलंच नसतं, आणि आळशी म्हणून त्यांना नावं ठेवणं चालूच राहिलं असतं. अशा कामाला मी आरोग्यसेवाच म्हणेन.

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. रॉकफेलरच्या मूळ योजनेतच लिहिलं होतं की औषधाबरोबर संडास हवेत, आणि ते सरकारनं व मालकांनी बांधायचे. औषधाचा आकडा महिन्याच्या अहवालात दाखवता येतो; संडासाला पैसे पडतात, तो झाडावा लागतो, दुरुस्त करावा लागतो. सिलोनच्या चहाच्या मळ्यांवर १९१६ पासून काम सुरू झालं. मजूर मद्रास इलाख्यातले तमिळ, राहायला एकाला एक लागून खोल्यांच्या लाइनी. औषध दिलं, जंत पडले, पण पुष्कळ मळेवाल्यांनी संडासांवर खर्च करायला टाळाटाळ केली. माणसं पुन्हा त्याच झुडपांत जात राहिली आणि जंत पुन्हा भरले. शेवटी नुसत्या हुकवर्मच्या मागे लागण्याचा नाद सोडून १९२६ मध्ये कळुतरा इथे सर्वसाधारण आरोग्य केंद्र काढावं लागलं: बाळंतपण, शाळा, पाणी, संडास, सगळं एकत्र.

डच जावात जॉन ली हायड्रिक यांनी १९२४ पासून उलट्या बाजूनं सुरुवात केली. सक्ती नाही. शिकवलेले स्थानिक तरुण घरोघरी जात, चित्रं आणि सूक्ष्मदर्शक दाखवत, आणि घरच्या माणसाला स्वतःचा संडास स्वतः खणावासा वाटेपर्यंत पुन्हा पुन्हा जात. यात वेळ फार जातो, पण मला हाच मार्ग पटतो. परकी सत्ता असतानाही एखाद्यानं माणसाच्या समजुतीवर विश्वास ठेवला, हे मला मोठं वाटतं. तरीही त्याच बेटावर मळेही होते आणि मालकही, हे विसरून चालणार नाही.

आणखी एक. जंत असणं आणि आजारी असणं एकच नव्हे. १८९० मध्ये आसामात जॉर्ज जाइल्स या डॉक्टरनं काळा आजार म्हणजे हुकवर्मच असा निष्कर्ष काढला. नंतर धडधाकट मजुरांतही हुकवर्म सापडू लागला आणि तो निष्कर्ष कोसळला. नेकेटर या जातीचा एक हुकवर्म दिवसाला साधारण ०.०३ मिलिलिटर रक्त घेतो. पोटात दहा-वीस असतील तर खाऊनपिऊन असलेल्याला कळणारही नाही. शेकडो असतील आणि ताटात लोह नसेल तर रक्त उरत नाही. १९२३ मध्ये नॉर्मन स्टोल यांनी अंडी मोजण्याची पद्धत दिली, तेव्हापासून ‘आहे की नाही’ऐवजी ‘किती आहेत’ हे विचारलं जाऊ लागलं.

प्रश्न : हुकवर्म पायातून शिरतो, हे कळलं कसं? आणि चप्पल घातली की पुरे का?

आर्थर लूस नावाचे जर्मन संशोधक कैरोमध्ये काम करत होते. १८९८ च्या सुमारास अळ्यांचं पाणी त्यांच्या हातावर सांडलं. कातडी लाल झाली, आग झाली, आणि काही आठवड्यांनी त्यांच्याच शौचात अंडी दिसली. अळी कातडीतून रक्तात, रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात येते आणि गिळली जाऊन आतड्यात पोचते. शिरताना बोटांच्या बेचक्यात खाज सुटते. पावसाळ्यात आपण ती चिखल्यांवर ढकलतो.

चपलेनं धोका कमी होतो, संपत नाही. चिखल पट्ट्यांमधून आत येतोच, हातही मातीत जातात, आणि एक जात तोंडावाटेही शिरते. १ ते १९ वर्षांच्या मुलांना १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळेत, अंगणवाडीत अल्बेंडॅझोल देतात. ते चुकवू नका. गोळी त्या दिवशी पोटात असलेले जंत पाडते, पुढच्या महिन्यात शिरणारे नाही. घरात कुणी गरोदर असेल तर तिनं मनानं गोळी घेऊ नये. पहिले तीन महिने ती देत नाहीत. नंतरचं आरोग्यसेविकेला विचारा.