वाचकांचे प्रश्न : फायबरच्या जुन्या बोटीला नवा रंग

जुन्या फायबर बोटीच्या रंगकामाबद्दल बरीच पत्रं आली आहेत. सारख्या प्रश्नांना एकत्रच उत्तर दिलं आहे.

बोट वीस वर्षांची आहे. बाहेरून पांढुरकी पडली आहे, हात फिरवला की पीठ लागतं. रंग लावायलाच हवा का?

आधी खात्री करून घ्या, कारण एकदा रंग लावला की दर काही वर्षांनी तो पुन्हा लावणं आलं. हाताला लागणारं पीठ म्हणजे उन्हाने जळलेला जेलकोटचा, म्हणजे फायबरवरच्या बाहेरच्या रंगीत चकचकीत थराचा, वरचा पापुद्रा. खाली चांगला थर शिल्लक असू शकतो. बोटीच्या कडेला हातभर लांबी-रुंदीचा चौकोन आखा. तो साबणाने धुवा, मेणकट थर काढा, मग 600 नंबरचा पाणपेपर, त्यानंतर 1000 आणि 1200, आणि शेवटी रबिंग कंपाउंड, म्हणजे घासून चमक आणणारी पेस्ट. रंग एकसारखा उजळला आणि चमक आली तर सगळ्या बोटीला तेवढंच करा, वर वॅक्स द्या आणि रंगाचा विचार सोडा.

मात्र जेलकोट नवा असतानाही साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटरच जाड असतो आणि प्रत्येक पॉलिशला त्यातला थोडा जातो. घासताना खालची काचेच्या कापडाची वीण दिसू लागली किंवा मध्येच गडद डाग उमटले, तर तिथेच थांबा. तो जेलकोट संपला आहे. अशा बोटीला प्रायमर आणि रंगच हवा.

नीट घासून, थिनरने पुसून प्रायमर दिला. तरी वरच्या रंगाला जागोजागी माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडले. रंग खराब होता का?

रंगाचा दोष नाही, कामाचा क्रम उलटा झाला. वर्षानुवर्षं चोळलेलं वॅक्स आणि सिलिकॉनचं पॉलिश पृष्ठभागावर असताना तुम्ही पेपर फिरवला. पेपर मेण काढत नाही, ओरखड्यांत खोल दाबून बसवतो. नंतर थिनरचं एकच फडकं सगळीकडे फिरवलं की तेच मेण पातळ होऊन सगळ्या बोटीवर पसरतं. सिलिकॉन असलेल्या जागी ओला रंग टिकत नाही, तो चारी बाजूंना सरकतो आणि मध्ये खड्डा राहतो.

म्हणून पहिल्यांदा साबण-पाणी, मग मेण काढणारा सॉल्व्हंट आणि त्यानंतरच पेपर. सॉल्व्हंटसाठी दोन फडकी लागतात. एका हातात ओलं, दुसऱ्यात कोरडं. ओल्याने फूट-दीड फूट भाग पुसायचा आणि तो सुकायच्या आत कोरड्याने टिपून घ्यायचा. सॉल्व्हंट जागेवर सुकला की विरघळलेलं मेणही तिथेच राहिलं समजा. या कामाला अ‍ॅसिटोन फार लवकर उडतो, टिपायला वेळच देत नाही. फडकी वरचेवर बदला. इथे चिंध्यांची काटकसर केली तर रंगाचा अख्खा डबा वाया जातो.

झालं की नाही हे पाहायची खूण सोपी आहे. स्वच्छ पाणी ओता. ते सलग पडद्यासारखं खाली उतरलं तर पृष्ठभाग साफ आहे. थेंब थेंब होऊन फाटलं तर मेण अजून आहे, पुन्हा पुसा.

सध्याच्या खड्ड्यांवर आणखी एक हात मारून ते बुजत नाहीत. रंग पूर्ण कडक होऊ द्या, खड्ड्यांच्या तळापर्यंत घासून काढा, वरच्या क्रमाने पुसा आणि पुन्हा प्रायमरपासून सुरुवात करा.

पाणरेषेखाली, म्हणजे बोटीच्या पाण्यात बुडणाऱ्या भागावर, मटारएवढे ते रुपयाच्या नाण्याएवढे फोड आले आहेत. एक फोडला तर आंबूस वासाचं चिकट पाणी निघालं. वरून लांबी (पुट्टी) भरून रंग दिला तर चालेल?

नाही. जेलकोटमधून पाण्याचे कण हळूहळू आत झिरपतात, तिथे नीट न पकलेल्या रेझिनमधले (काचेचं कापड जोडणाऱ्या राळेतले) विरघळणारे घटक त्यात मिसळतात आणि आम्लधर्मी द्रव तयार होतो. तो बाहेरचं पाणी आणखी ओढून घेतो, दाब वाढतो आणि वरचा थर फुगतो. वरून लांबी भरली तर द्रव आतच राहतो आणि शेजारी नवा फोड येतो.

फोड उघडताना गॉगल हवाच, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि चिळकांडी सरळ डोळ्यात जाते. प्रत्येक फोड बशीसारख्या उतरत्या काठाचा होईपर्यंत घासा, निरोगी आणि टणक फायबर लागेपर्यंत. मग गोड्या पाण्याने भरपूर धुवा, शक्यतो गरम पाण्याने, आणि हे बरेच दिवस पुन्हापुन्हा करा. ते आतले घटक पाण्यातच विरघळतात, नुसत्या वाळवण्याने जात नाहीत. धुणं टाळून महिनोन्‌महिने बोट वाळत ठेवली तरी ती ओलीच राहते, त्याचं कारण हेच.

वाळली का हे पाहायला पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी घट्ट चिकटवा आणि एक दिवस-रात्र ठेवा. आतून दव धरलं तर थांबा. त्यात काही आठवडे जातात, कधी काही महिने. घाई करण्यासारखी ही जागा नाही.

भरायला इपॉक्सीच (हार्डनर मिसळून पकवायची राळ) वापरा. आधी नुसती इपॉक्सी ब्रशने खड्ड्यात चोपडा, ती चिकट असतानाच सिलिका पावडर घालून घट्ट केलेली इपॉक्सी भरा. पत्ती उभी धरली तरी ओघळणार नाही इतकी घट्ट हवी. घासून सपाट झाल्यावर सगळ्या तळाला इपॉक्सीचा बॅरियर कोट, म्हणजे पाणी आत झिरपू न देणारा थर, द्या. सुकल्यावर एकूण जाडी 250 मायक्रॉनच्या आसपास यायला हवी, म्हणजे रोलरने साधारण पाच-सहा हात होतात. दोन वेगळ्या छटांचे डबे घेऊन आलटून पालटून हात दिले तर कुठे सुटलं ते लगेच दिसतं.

दोरी बांधायच्या खुंटीभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा आहेत. गाडीची लांबी भरली होती, वर्षात पुन्हा उमटल्या.

भेगा एका बिंदूपासून पसरत असतील तर तो भाग वाकतो आहे. खुंटी काढा, खाली पाहा. आतून आधाराची जाड पट्टी नसेल किंवा गाभ्याचं लाकूड कुजलं असेल तर ते आधी दुरुस्त करा. नाहीतर कितीही भरा, भेग परत येणारच. मग प्रत्येक भेग टोकदार हत्याराने व्ही आकारात उघडा आणि इपॉक्सीने भरा. केसाएवढ्या भेगेत लांबी उतरतच नाही, वरवर बसते.

गाडीच्या लांबीत टाल्क पावडर असते, ती ओल धरते. बोटीवर ती नकोच, आणि पाणरेषेखाली तर मुळीच नको.

याच पत्रात दुसरा प्रश्न होता : इपॉक्सीवर जेलकोट लावावा का? टाळा. बोट आणि जेलकोट ज्या राळेचे असतात त्या जुन्या पॉलिस्टरवर इपॉक्सी घट्ट बसते, पण इपॉक्सीवर पॉलिस्टरचा जेलकोट नीट धरत नाही आणि कधी कधी पकतही नाही. रंगच लावायचा असेल तर हा प्रश्न उरत नाही. इपॉक्सी सुकल्यावर तिच्यावर कधी कधी मेणासारखा बुळबुळीत थर येतो, तो मात्र पाणी आणि घासणीने धुवा, सॉल्व्हंटने नाही. त्यानंतर पेपर. आणि लवकर सुकावी म्हणून हार्डनर वाढवू नका. पॉलिस्टरला हार्डनर एक-दोन टक्क्यांच्या मर्यादेत कमी-जास्त करता येतो, इपॉक्सीचं प्रमाण ठरलेलं असतं. ते चुकलं की ती कायमची मऊ राहते.

पाणरेषेवरच्या भागाला दोन भागांचा (रंगात हार्डनर मिसळून लावायचा) पॉलियुरेथेन रंग लावायचा आहे. खाली आधीचा कुठला तरी रंग आहे. किती घ्यावा, आणि फवाऱ्याशिवाय आरशासारखा येईल का?

खालचा रंग आधी ओळखा. नव्या रंगाच्या थिनरमध्ये कापूस भिजवून जुन्या रंगावर 10-15 मिनिटं चिकटवून ठेवा. रंग मऊ पडला किंवा सुरकुतला तर तो एकाच डब्यातला साधा रंग आहे आणि दोन भागांचा रंग त्याला उचकटून काढेल. अशा वेळी तो सगळा घासून काढावा लागतो किंवा वर एक डब्यातलाच रंग द्यावा लागतो. रंग काढायचं साधं रसायन वापरू नका, ते जेलकोटही खातं. फायबरसाठी म्हणून मिळणारंच घ्या. तापवून काढायचा मोह टाळा, फायबर भाजतं.

मापासाठी लांबी आणि रुंदीची बेरीज करा, दुप्पट करा आणि पाण्यावरच्या सरासरी उंचीने गुणा. 6 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि 0.8 मीटर उंच असेल तर 12.8 चौरस मीटर. वरचा रंग लिटरला साधारण 10 चौरस मीटर जातो, म्हणजे एका हाताला सुमारे 1.3 लिटर. दोन हातांना 3 लिटर धरा. जाड थराचा इपॉक्सी प्रायमर कमी क्षेत्रात संपतो आणि त्यातला बराचसा आपणच घासून काढतो, तो 4 लिटर घ्या.

पेपर 80 पासून सुरू करा, प्रायमरआधी 120 पर्यंत या. प्रायमरचे दोन हात झाले की वेगळ्या रंगाची पातळ धूळफवारणी करा आणि लांब फळीला लावलेल्या पेपरने तिरकं घासा. जिथे ती धूळ राहते तिथे खळगा आहे. हाताच्या पंजाने किंवा छोट्या यंत्राने घासलं तर खळगे जात नाहीत, उलट नवे पडतात. शेवटी 320. चमकदार रंग, त्यातही गडद, एकूण एक उंचसखल भाग दाखवतो. तळवा सपाट ठेवून डोळे मिटून बोट चाचपा, डोळ्यांना न दिसलेली लाट हाताला लागते.

चकाकी रोलर आणि ब्रशने उत्तम येते. माणसं दोन हवीत. एकाने बारीक फोमच्या रोलरने वरपासून खालपर्यंत दोन फुटांचा पट्टा पातळ लावायचा, दुसऱ्याने लगेच मऊ ब्रशच्या टोकाने, दाब न देता, बुडबुडे मोडायचे. ब्रश नव्या पट्ट्यातून आधीच्या ओल्या पट्ट्याकडे ओढत नेऊन अलगद उचलायचा. मागे वळून डाग दुरुस्त करायला जाऊ नका. रंग धरायला लागलेला असतो आणि ब्रशचा व्रण तसाच राहतो. राहिलेली जागा दुसऱ्या हातात झाकली जाते. एक काच उभी करून आधी तिच्यावर लावून बघा. ब्रशच्या रेषा काही मिनिटांत बसल्या नाहीत तर ब्रशसाठीचा थिनर तीन-चार टक्के घाला. ओघळ आले तर थर जाड होतो आहे.

फवाऱ्याचा विचार सोडला हे योग्यच केलंत. या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचं तुषार श्वासातून गेलं तर दम्यासारखा विकार जडू शकतो, आणि एकदा शरीराने धसका घेतला की पुढे थोड्याशा वासानेही त्रास होतो. फवाऱ्याला बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो. रोलरने लावतानाही उघड्यावर काम करा, सेंद्रिय वाफांची काडतुसं असलेला मास्क आणि हातमोजे घाला. घासताना काचेच्या धुळीसाठी धुळीचा चांगला मास्क हवा.

संध्याकाळी रंग काचेसारखा होता, सकाळी मंद आणि धुरकट झाला. का?

दव पडलं. पुरता न सुकलेल्या पॉलियुरेथेनला ओल लागली की चमक जाते. सकाळचं दव वाळल्यावर सुरू करा आणि सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी हात आवरा. बोटीचा पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली ओल दव होऊन जमते) किमान 3 अंश सेल्सियस गरम हवा. भर उन्हातही लावू नका, वरची साय आधी धरते आणि आतला थिनर बाहेर पडताना टाचणीएवढी भोकं पाडतो. झालेल्यावर उपाय म्हणजे 320 ने घासून आणखी एक हात.

बोट वर्षभर पाण्यातच असते. वरचाच रंग तळापर्यंत नेला तर?

फोड येतील. तो रंग सतत पाण्यात राहण्यासाठी नसतो. पाणरेषेच्या चार-पाच सेंटीमीटर वरपर्यंत बॅरियर कोट आणि शेवाळरोधक रंगच न्या. बॅरियरचा शेवटचा हात पुरता सुकण्याआधी शेवाळरोधकाचा पहिला हात द्यायचा. वेळ कशी ओळखायची? हाताचं बोट रंगावर दाबल्यावर ठसा उमटला, पण रंग बोटाला लागला नाही, की लावा. वेळ टळली तर घासून मगच.

तळावरचा जुना शेवाळरोधक कोरडा घासू नका. त्यात तांब्याची विषारी संयुगं असतात आणि फार जुन्या थरांत टिन असू शकतं. टिनच्या अशा रंगांवरची आंतरराष्ट्रीय बंदी 17 सप्टेंबर 2008 ला लागू झाली. पाण्याने ओलं करत घासा आणि निघालेला गाळ ताडपत्रीवर गोळा करा. इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या भागांना तांब्याचा रंग लावू नका, ते गंजून जातात. झिंकच्या ठोकळ्यांना (बोटीचे इतर धातू वाचवायला स्वतः गंजणाऱ्या) तर कुठलाच रंग नको, ते उघडे असतील तरच काम करतात. बोट दर फेरीनंतर बाहेर काढून ठेवत असाल तर हा रंग लागतच नाही.

चिकटपट्टी काढताना रंगाचे कपचे निघतात.

फार उशिरा काढता. शेवटचा हात स्पर्शाला कोरडा होताच काढा, पट्टी स्वतःवरच उलटी दुमडून, सावकाश. प्रत्येक हाताला नवी पट्टी लावा. दोन हातांखाली एकच राहिली तर जाड कड तयार होते आणि कपचा तिथूनच निघतो. बोट पाण्यात सोडायला मात्र शेवटच्या हातानंतर आठवडाभर थांबा.