लिस्बनमध्ये नवीन आहात? मग हे आधी वाचा

सूर्यास्त बघायला पहिल्याच महिन्यात सगळे मिरादोरू, म्हणजे टेकड्यांवरचे सज्जे, पालथे घालू नका. एकच निवडा आणि तिथेच पुन्हा पुन्हा जा. माझं मत सेन्योरा दो मोंतेला: पश्चिम मोकळी, समोर किल्ला, लाल कौलं, लांबवर तेजो नदीवरचा पूल.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- साओ पेद्रो द अल्कांतारा हा दुसरा मिरादोरू पूर्वेकडे बघतो. सूर्यास्त दिसत नाही. समोरच्या किल्ल्यावर पसरलेलं ऊन मात्र सुरेख.
- जूनमध्ये सूर्य रात्री ९ नंतर मावळतो, डिसेंबरमध्ये सव्वापाचच्या सुमारास. वेळ बघूनच निघा.
- उन्हाळ्यातही वारा बोचतो. जाकीट हवंच.

सूर्य बुडाल्यावर लगेच उठू नका. इथे जेवणं आठनंतरच रंगतात, तोवर बसा. कुत्री फिरवायला येणारे शेजारी आठवड्याभरात ओळखू लागतात. पहिलं ‘बोआ नोइत’, म्हणजे ‘शुभ संध्याकाळ’, तुम्हीच म्हणा.