वाचकांचे प्रश्न : सोसायटीचा रस्ता, २० टक्के फाळा आणि अडकलेले अर्ज

प्रश्न : बडोद्यात वाघोडिया रोडवर आमची ४० टेनामेंटची (स्वतंत्र घरांची) सोसायटी आहे. आतला रस्ता पार उखडलाय. ७०-२०-१० मध्ये होईल असं सगळे सांगतात, पण सुरुवात कुठून करायची?

सुरुवात नकाशापासून करा. गुजरात सरकारच्या स्वर्णिम जयंती मुख्यमंत्री शहेरी विकास योजनेत खासगी सोसायट्यांसाठी जनभागीदारीचा भाग आहे. त्यात खर्चाचे ७० टक्के राज्य सरकार देते, २० टक्के रहिवासी (हाच लोकफाळा) आणि १० टक्के महापालिका. आतले रस्ते, पेव्हर ब्लॉक, पाण्याची लाइन, ड्रेनेज, पावसाळी गटार आणि दिवे ही कामे त्यात बसतात. फाटक, कंपाउंडची भिंत, सोसायटीचे ऑफिस यांसाठी तिथे अर्ज करून वेळ घालवू नका.

नकाशा पाहायचा तो अशासाठी, की तुमचा रस्ता टीपी स्कीममधला (नगररचना योजनेतला) असेल तर तो महापालिकेच्या मालकीचा आहे. तो तिनेच, तिच्या बजेटमधून करायचा असतो. अशा रस्त्यासाठी रहिवाशांनी २० टक्के गोळा करणे म्हणजे उगाच भुर्दंड. म्हणून आधी मंजूर ले-आउट आणि टीपीचा नकाशा शेजारी शेजारी ठेवा. रस्ता सोसायटीच्या हद्दीतला ठरला तरच पुढची कागदपत्रे काढा.

अर्ज महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला द्या. सोबत नोंदणीचे प्रमाणपत्र, मंजूर ले-आउट, सर्वसाधारण सभेचा ठराव हजेरीच्या सह्यांसकट, चेअरमन आणि सेक्रेटरी यांच्या नेमणुकीचा ठराव, वेरा (महापालिकेचा कर) भरल्याच्या पावत्या आणि सोसायटीच्या बँक खात्याचा तपशील जोडा. ठरावात “रस्त्याचे काम करणे” एवढेच लिहू नका. कोणता रस्ता, लांबी-रुंदी किती, काँक्रीट की ब्लॉक, आणि “२० टक्के लोकफाळा भरण्यास सभा संमत आहे” हे वाक्य त्यात हवेच. सर्वांत जास्त अर्ज नावातल्या फरकाने लटकतात. प्रमाणपत्रावर “को. ऑ. हाउसिंग सोसायटी लि.”, वेऱ्याच्या बिलावर बिल्डरने दिलेले नाव आणि बँकेत तिसरेच. तिन्ही आधी एक करून घ्या. बिल्डर नोंदणी न करताच निघून गेला असेल, तर पहिले काम नोंदणीचे. तोवर रस्त्याचा विषय काढू नका.

अर्जाची एक प्रत आवक क्रमांक, तारीख आणि शिक्क्यासह परत घ्या. शिक्का नाही तर अर्ज नाही, असेच धरून चाला.

प्रश्न : फाळ्याचा हिशेब कसा मांडायचा? आमच्याकडे सहा जण “आम्हाला रस्ता नको” म्हणतात.

उदाहरण घेऊ. एस्टिमेट ८ लाखांचे निघाले, तर सरकारचे ५ लाख ६० हजार, महापालिकेचे ८० हजार आणि तुमचे १ लाख ६० हजार. ४० घरांत ते घरटी ४,००० रुपये होतात. सहा जणांनी हात वर केले तर उरलेल्या ३४ घरांवर तेच ४,७०६ पडतात. महापालिका घराघरातून वसुली करत नाही, तिला सोसायटीकडून एकरकमी फाळा हवा असतो. म्हणून ठरावातच लिहा की न भरणाऱ्याची रक्कम त्याच्या खात्यावर सोसायटीची येणे बाकी राहील. सहा जणांचे समाधान होईपर्यंत अर्ज अडवून ठेवू नका. पण सभेची नोटीस त्यांना पोचल्याची सही मात्र घ्याच. पुढे तक्रार झाली तर तोच कागद उपयोगी पडतो.

पैसे एस्टिमेट हातात आल्यावरच गोळा करा, आधी फक्त संमतीच्या सह्या. पैसे सोसायटीच्या खात्यात घ्या आणि तिथूनच भरा. सेक्रेटरीच्या स्वतःच्या खात्यातून गेलेली रक्कम ऑडिटमध्ये निस्तरणे फार कठीण जाते. आमदार किंवा नगरसेवक “फाळ्याचं आम्ही बघू” म्हणाले, तर आनंद आहे, पण पत्र मागा. पत्र येईपर्यंत वर्गणीचा हिशेब पूर्णच धरा.

प्रश्न : शेजारच्या सोसायटीत ग्रँटमधून ब्लॉक बसवले आणि एका पावसाळ्यात रस्ता लाटांसारखा झाला. आमचे तसे होऊ नये म्हणून काय पाहायचे?

या प्रश्नावर सविस्तर लिहायला हवे, कारण ग्रँट पुन्हा लवकर मिळत नाही. ब्लॉक खचतात ते बहुतेक खालच्या चरामुळे. ड्रेनेजची किंवा पाण्याची लाइन टाकून चर एकाच दमात बुजवला, की माती वर्षभर बसत राहते आणि तिच्याबरोबर ब्लॉकही. भराव थराथराने, पाणी मारून, प्रत्येक थर ठोकून व्हायला हवा. त्याहून महत्त्वाचा आहे कामांचा क्रम. जुनी ड्रेनेज लाइन बदलायची असेल तर ती, मग पाणी, मग गॅस आणि केबल, आणि शेवटी रस्ता. ज्या सोसायटीची ड्रेनेज लाइन वर्षातून दोनदा तुंबते तिने रस्त्याचा अर्ज आधी करूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. लाइनचा अर्ज आधी करा, रस्ता एक वर्ष थांबू द्या.

दुसरे कारण वाळू. ब्लॉकखाली वाळूचा थर २० ते ४० मिलिमीटर असावा. खालचा खडीचा थर वाकडातिकडा झाला की कंत्राटदार वाळू जाड टाकून सपाटी साधतो, आणि नेमकी तीच जागा खचते. काम चालू असताना पट्टी घेऊन मोजा, नंतर मोजता येत नाही. कडेला काँक्रीटची कड हवी. ती नसेल तर ब्लॉक बाजूला सरकतात आणि सांधे उघडतात.

ब्लॉकची जाडी एस्टिमेटमध्येच ठरते. भारतीय मानक १५६५८ प्रमाणे हलक्या वाहतुकीला ६० मिलिमीटर, एम-३५ आणि मध्यम वाहतुकीला ८० मिलिमीटर, एम-४० असे धरतात (‘एम’ ही काँक्रीटच्या मजबुतीची श्रेणी). आत फक्त स्कूटर आणि मोटारी येत असतील तर ६० चालेल. पाण्याचा टँकर किंवा कचऱ्याची मोठी गाडी रोज येत असेल तर ८० चा आग्रह एस्टिमेटच्या वेळीच धरा. वर्क ऑर्डर निघाल्यावर तो कोणी ऐकत नाही.

आणि सर्वांत मोठी चूक असते लेव्हलची. जुन्या रस्त्यावरच नवा थर चढवला, की रस्ता ओट्याच्या बरोबरीला येतो आणि पावसाचे पाणी घरात शिरते. २०१९ आणि २०२४ चा पूर पाहिलेल्या बडोद्यात हे वेगळे सांगायला नको. एस्टिमेटमध्ये “जुना रस्ता खोदून काढणे” ही बाब आहे का ते पाहा. नसेल तर मोजणीला आलेल्या इंजिनिअरला सगळ्यांत खालच्या घराचा ओटा दाखवा, चेंबरची झाकणेही दाखवा, आणि ती बाब घालून घ्या. पाणी कोणत्या टोकाला उतरणार, हेही त्याच वेळी विचारा.

टेंडरमध्ये दोषदायित्वाची मुदत असते, म्हणजे तोवर निघालेला दोष कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा. ती कधी संपते याची तारीख लिहून ठेवा. खड्डा पडला तर मुदतीत लेखी तक्रार द्या, फोटो तारखेसह जोडा.

प्रश्न : आमच्या मराठी मंडळाला वाचनालय आणि सभागृह बांधायचे आहे. खासदार निधी मिळेल का?

मिळू शकतो, पण जागा पाहून. खासदाराला वर्षाला ५ कोटींची कामे सुचवता येतात. खासदार फक्त शिफारस करतात, मंजुरी जिल्हा प्रशासनाची असते. ट्रस्ट किंवा संस्था नोंदणीकृत आणि किमान तीन वर्षे समाजकार्यात असलेली हवी. खासदार किंवा त्यांच्या घरचे कोणी पदाधिकारी नकोत. जमीन देवस्थानाची असेल किंवा सभागृह देवळाच्या आवारात असेल तर अर्ज तिथेच संपतो. गणेशोत्सवासाठी स्थापन झालेल्या मंडळांनी हे आधी तपासावे. वास्तू सर्वांना खुली ठेवण्याचा करारही करावा लागतो.

मंडळांचा अर्ज अडतो तो बहुधा विश्वस्तांच्या नावांवर. चॅरिटी कमिशनरच्या नोंदीत जुन्या, कधी कधी वारलेल्या विश्वस्तांची नावे असतात आणि अर्जावर नवे सह्या करतात. विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांत फेरफार अहवाल द्यायचा असतो. तो राहिला असेल तर आधी तेवढे करा. त्यानंतर मागच्या तीन वर्षांचे ऑडिट, जमिनीचा कागद आणि नकाशा जोडून अर्ज करा.

प्रश्न : अर्ज देऊन वर्ष झाले. “वर पाठवलाय” एवढेच उत्तर मिळते.

“वर” म्हणजे कुठे, ते विचारा. वॉर्डमधून निघाल्याचा जावक क्रमांक घ्या आणि तो घेऊन खंडेराव मार्केटमधल्या महापालिकेच्या मुख्य कार्यालयात जा. क्रमांकाशिवाय तिथे फाइल सापडणे अवघड. तरीही काही कळले नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा, गुजरातमध्ये फी २० रुपये. “अर्जाचे काय झाले” असे विचारू नका. अर्जाच्या तारखेपासून आजपर्यंत फाइल कोणाकडे किती दिवस होती, एस्टिमेटची प्रत आणि फाइलवरच्या शेऱ्यांची प्रत, एवढेच मागा. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करा.