वाचकांचे प्रश्न : तारण झाल्यावर न्याय कसला?

प्रश्न (वेंगुर्ले) : योहान ५:२४ मध्ये येशू म्हणतो, विश्वास ठेवणाऱ्यावर न्यायाचा प्रसंग येत नाही. प्रेषित पौल मात्र २ करिंथ ५:१० मध्ये सांगतो की आपल्या सर्वांना ख्रिस्ताच्या न्यायासनासमोर उभे राहायचे आहे. आमच्या मंडळीत यावर म्हणतात, ते न्यायासन नव्हे, बक्षीस समारंभ आहे. खरे काय?

उत्तर : दोन्ही वचने विश्वासणाऱ्यांबद्दलच आहेत, पण खटला एकच नाही. योहानात 'न्याय' म्हणजे दोषी ठरवणे. रोमकरांस पत्र ८:१ मध्ये 'दंडाज्ञा नाही' म्हटले आहे ते याच अर्थाने. पौल बोलतो ते हिशेबाबद्दल, देहात असताना काय केले त्याच्या.

या हिशेबाची रीत १ करिंथ ३:१०-१५ मध्ये आहे. पाया ख्रिस्त. त्यावर कोणी सोने, रुपे, मोलवान पाषाण लावतो, कोणी लाकूड, गवत, पेंढा. मग अग्नी कामाची परीक्षा घेतो. वणवा लागला की झावळ्यांची खोप बघता बघता राख होते, जांभ्याचे जोते तेवढे राहते, तसेच हे. ज्याचे काम जळते त्याचे नुकसान होते. तो स्वतः तारला जातो, पण जणू अग्नीतून बाहेर पडल्यासारखा. मात्र पौल इथे आधी स्वतःबद्दल आणि अपुल्लोबद्दल, म्हणजे मंडळी बांधणाऱ्यांबद्दल बोलतो आहे. हे वचन श्रोत्यांना ऐकवणारे उपदेशक तेवढे सोयीने विसरतात.

आता बक्षीस समारंभाचे. न्यायासनासाठी मूळ ग्रीक शब्द 'बेमा'. करिंथच्या चौकातला तो दगडी चौथरा उत्खननात सापडला आहे. प्रेषितांची कृत्ये १८:१२ नुसार इ.स. ५१ च्या सुमारास गल्लियो या रोमन अधिकाऱ्यापुढे खुद्द पौलाला न्यायासनापाशी आणले होते. येशूचा न्याय करणारा रोमन सुभेदार पिलातही (मत्तय २७:१९) बेमावरच बसला होता. करिंथकरांना हा शब्द ऐकून आधी कोर्टच आठवले असणार. बक्षीस आहेच, १ करिंथ ९:२५ मध्ये शर्यतीतला कोमेजणारा हार आणि न कोमेजणारा हार यांची तुलना येते. पण २ करिंथ ५:१० मध्ये 'बरे असो वा वाईट' असे शब्द आहेत. ते गाळून नुसता हारतुऱ्यांचा कार्यक्रम मांडणे बरे नव्हे. उलट, याच वचनावरून नव्या विश्वासणाऱ्याला नरकाचा धाक घालणे ही तितकीच मोठी चूक.

प्रश्न (वसई) : २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही सगळे दफनभूमीत जातो. सून प्रॉटेस्टंट घरातली आहे. ती म्हणते, मेलेल्यांसाठी प्रार्थना करून काय होणार? तिला काय सांगू? आणि मृतांसाठी पापदंडाची पूर्ण माफी मिळवायची नेमकी पद्धत काय?

उत्तर : आधी एक गैरसमज काढू. मृतांसाठी प्रार्थना करतात ती शुद्धिस्थानातल्या, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी शुद्ध होत असलेल्या आत्म्यांसाठी; पण शुद्धिस्थान म्हणजे दुसरी संधी नव्हे. कॅथलिक शिकवणीनुसार मरणाच्या क्षणीच प्रत्येकाचा वैयक्तिक न्याय होतो आणि शुद्धिस्थानात जातात ते तारलेलेच. त्यांची फक्त शुद्धी राहिलेली असते. ही शिकवण फ्लॉरेन्सच्या (१४३९) आणि ट्रेंटच्या (१५६३) धर्मसभांनी मांडली. मृतांसाठी प्रार्थनेला मुख्य आधार २ मक्काबी १२ चा. तो ग्रंथ सुनेच्या बायबलमध्ये नाही, म्हणून तिचे म्हणणे हट्टाचे समजू नका. ती कबरीपाशी येऊन त्या माणसासाठी देवाचे आभार मानू शकते. प्रार्थनेची सक्ती नको.

पद्धत अशी : १ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना करायची, मनातल्या मनात केली तरी चालते. किंवा २ नोव्हेंबरला चर्चमध्ये जाऊन प्रभूची प्रार्थना आणि विश्वासांगीकार (क्रीड) म्हणायचा. सोबत धर्मगुरूपुढे पापनिवेदन, कम्युनिअन (मिस्सातला ख्रिस्तप्रसाद) आणि पोपमहोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना. एक पापनिवेदन अनेक दिवसांना पुरते; कम्युनिअन आणि पोपमहोदयांसाठीची प्रार्थना मात्र प्रत्येक वेळी हवी. दिवसाला पूर्ण माफी एकच. अडते ते शेवटच्या अटीपाशी : कुठल्याही पापाची, अगदी क्षुल्लक पापाचीही, ओढ मनात उरता कामा नये. ती उरली तर माफी अंशतः मिळते. ही माफी दुसऱ्या जिवंत माणसाच्या नावे करता येत नाही.

मिस्सासाठी दिलेले दान ही माफीची किंमत नाही. १५१७ साली प्रॉटेस्टंट सुधारक मार्टिन लूथरचा वाद पेटला तो माफीसाठी घेतल्या जाणाऱ्या पैशांवरून. कॅथलिक आणि लूथरन यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गमध्ये संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, कृपेनेच नीतिमान ठरतो यावर मूलभूत एकमत झाले. शुद्धिस्थानाचा वाद त्याने मिटला नाही.

प्रश्न (रत्नागिरी) : बँकेत तारण म्हणजे गहाण ठेवलेली वस्तू, चर्चमध्ये तारण म्हणजे मुक्ती. हे कसे? आणि मिळालेले तारण जाऊ शकते का?

उत्तर : तारणे म्हणजे पार नेणे, बुडू न देणे. बँकेचे तारण सावकाराचा पैसा बुडू देत नाही, इतकाच संबंध. खरा व्यापारी शब्द इफिस १:१४ मध्ये आहे : पवित्र आत्मा हा वतनाचा 'विसार'. कलमांची बाग घेताना व्यापारी विसार देतो, आंबा अजून झाडावर असतो. इथे विसार देणारा देव आहे, आणि हंगाम पुढे आहे.

तारण जाते का, यावर मंडळ्यांत एकमत नाही. रिफॉर्म्ड परंपरा (कॅल्व्हिनच्या शिकवणीतली प्रॉटेस्टंट शाखा), डोर्टच्या धर्मसभेपासून (१६१८-१९), म्हणते की खरा विश्वासणारा शेवटी टिकतोच. मेथडिस्ट म्हणतात, पाठ फिरवणाऱ्याचे जाऊ शकते. कॅथलिक शिकवणीत प्राणघातक पापाने कृपा गमावते, पण त्यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात : बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे हे पुरते ठाऊक हवे, आणि तरीही जाणूनबुजून केलेली हवी. यातली एक जरी नसली तर ते पाप प्राणघातक नाही. तिन्ही असली तरी पापनिवेदनाची वाट खुली राहते.